दोन माणसांपुरती रुंदी

टेपचं पितळी टोक चिखलानं माखलं होतं. पहिल्या इंचाचा आकडा दिसतच नव्हता आणि त्यापुढे काहीतरी तेलकट, काळपट लागलेलं… ग्रीस असावं, नाहीतर गटाराच्या झाकणावर जे काही साचतं ते. शिवणाच्या मशीनच्या खणात, रिळांच्या शेजारी, बटणांच्या डबीला टेकवून कुणीतरी ती तशीच गुंडाळून ठेवली होती — कुणीतरी म्हणजे कोण, घरात माणसं दोन, त्यातलं एक आपण. सुहासिनीनं टेप चिमटीत धरून उचलली. या टेपनं तिनं लेकीची पहिली झबली बेतली होती, सासूबाईंच्या शेवटच्या दुखण्यात त्यांना सैल पोलकी शिवली होती, बिल्डिंगमधल्या निम्म्या बायकांची मापं घेतली होती. आणि काल संध्याकाळी मार्तंडरावांनी तीच टेप नेऊन खालचा फुटपाथ मोजला. विचारलं नाही. विचारायचं काय त्यात?

"अहो, माझी टेप घेतली होतीत?"

"घेतली होती." आवाज वर्तमानपत्राच्या पलीकडून आला. "आपल्या दारापासून शेटच्या दुकानापर्यंत फुटपाथ चार फूट रुंदसुद्धा धड नाही. मी म्हणतच होतो."

"पुसून ठेवायची."

"काय?"

"काही नाही."

काही नाही, हे तिचं घरातलं सर्वांत जास्त वापरातलं वाक्य. तिनं टेपचं टोक साबणाच्या पाण्यात बुडवलं आणि जुन्या टूथब्रशनं घासायला घेतलं. वर्तमानपत्र खाली आलं, त्यामागून चष्मा दिसला.

"आज चार वाजता महापालिकेचे साहेब येताहेत, लक्षात आहे ना? तू खाली यायचंस. ती गडद निळी नेस, जरा बरी दिसते. आणि काय झालं ते फक्त सांगायचं. थोडक्यात. पाल्हाळ लावू नकोस, माणसं कामाची असतात."

काय झालं ते! ब्रश तिच्या हातात जरा जोरातच फिरला आणि आकड्यांवरचा पिवळा रंगही उडाला.

मार्तंडराव निवृत्त झाले आणि वर्षभर दिवाणखान्यात, एशियाडच्या वेळी घेतलेल्या रंगीत टीव्हीसमोर, कुणीतरी विसरून गेलेल्या सामानासारखे बसून राहिले. मग गेल्या श्रावणात सुहासिनीला खाली बाजाराच्या रस्त्यावर बसचा धक्का लागला, ती पडली, गुडघा फुटपाथच्या कडेच्या दगडावर आपटला — आणि मार्तंडरावांना पुन्हा ऑफिस मिळालं. नागरिक मंडळ निघालं, ते चिटणीस झाले. स्टेशनकडून येणारा हा बाजाराचा रस्ता अरुंद, दोन्ही बाजूंना कापडाची, भांड्यांची, चपलांची दुकानं, दुकानांच्या पुढे दुकानांचा माल, मालापुढे फेरीवाले, त्यांच्यापुढे माणसं आणि माणसांच्या अंगावरून जाणाऱ्या बसगाड्या, त्यांत पुन्हा डबल डेकर. तेव्हा मंडळाची मागणी सरळ होती: बस इथून काढा, मागच्या नाल्यालगतच्या रस्त्यानं न्या, फुटपाथ रुंद करा, रस्ता पादचाऱ्यांना द्या. पादचारी! हा शब्द मार्तंडराव इतक्या प्रेमानं उच्चारायचे की ऐकणाऱ्याला वाटावं, कुठलीशी नामशेष होत चाललेली जात आहे आणि हे तिचे एकटे वाली. त्यांच्या सांगण्यात तो अपघातही दर खेपेला वाढत गेला होता. आधी बस घासून गेली होती, मग तिनं ठोकर दिली आणि आता दिवाळीपासून तर "आमच्या मिसेसला बसनं उडवलं हो" असं चाललं होतं. उडवलं असतं तर बरं झालं असतं… निदान हे ऐकावं लागलं नसतं.

शिवाय माणूस चांगला, हीच खरी पंचाईत. वाईट नवऱ्याबद्दल चार बायकांत बसून बोलता तरी येतं. यांनी गुडघ्याच्या दुखण्यात तीन आठवडे चहा केला — पांचट, पण केला. गरम पाण्याची पिशवी भरली. रात्री उठून विचारलं, दुखतंय का? दुखत होतं. पण कुठे, ते त्यांनी विचारलं नाही आणि तिनं सांगितलं नाही.

टेप खिडकीच्या गजाला वाळत टाकून तिनं खाली पाहिलं. बरोबर खिडकीखाली बसस्टॉप. सात बंगल्याकडे जाणारी बस इथे थांबते. हाच स्टॉप जाणार होता. नवा होणार होता नाल्याच्या पलीकडे, पेट्रोल पंपासमोर, आणि तिथपर्यंत चालत जायचं तर तिच्या गुडघ्याला मध्ये दोनदा कुणाच्या तरी ओट्यावर टेकावं लागलं असतं. एक दिवस जमेल, दोन दिवस जमेल. रोज? रोज तर आईकडे जायचंय. आई सात बंगल्याला, दोन खोल्यांत, एकटी. भाऊ बडोद्याला. पत्रात लिहितो, आईची काळजी घे. घेते. बस आहे तोवर घेते.

हे मार्तंडरावांना ठाऊक नव्हतं असं नाही. ती रोज दुपारी डबा घेऊन जाते हे त्यांना दिसत होतंच. पण ती जाते कशानं आणि कशाच्या जोरावर, हे त्यांच्या नकाशात कुठेच नव्हतं.

दुपारी ती डबा आणि पिशवी घेऊन खाली उतरली तेव्हा स्टॉपजवळ, फुटपाथच्या कडेला, सोनूबाई आपली पाटी मांडून बसली होती. सोनूबाई वेसाव्याची कोळीण. सुहासिनी तिला गेली कित्येक वर्षं याच जागी बघत आलेली; हिच्या आधी हिची सासू इथे बसायची. सोनूबाईनं तिच्याकडे पाहून न पाहिल्यासारखं केलं आणि बोंबलांवर पाणी मारलं, ते निम्मं सुहासिनीच्या चपलेवर.

"काय गो बाय, तुजा नवरा काल पट्टी घेऊन माज्या पाटीखाली शिरत होता. आमाला उठवतंय काय?"

"नाही गं. फुटपाथ रुंद करणार आहेत."

"मंग रुंद करून आमाला त्यावर बसवतील काय? उठवतीलच ना! आणि बस गेली तर पाटी घेऊन मी नाल्यावरून चालत येऊ? मला येडी समजतंस?"

"मी कुठे काय केलंय?" सुहासिनीचा आवाज चढला. रस्त्यात इतक्या मोठ्यानं बोलल्याचं तिला आठवत नव्हतं. "मी मागितलं का ते?"

"नाय तर कोणी? समद्यांना तर तुजंच नाव सांगतंय. बायकोला बसनं उडवली, बायकोला बसनं उडवली… उचलली तुला मी. ह्या हातांनी. माला ठावं नाय, किती उडालीस ती?"

बस आली म्हणून बरं, नाहीतर भर बाजारात ती रडली असती, आणि तेसुद्धा दुःखानं नाही. बसमधून आधी वेसाव्याच्या चौघीजणी उतरल्या, डोक्यावर पाट्या, कासोटा घट्ट, आणि उतरल्या त्या रस्त्याच्या मधूनच चालू लागल्या — चौघी एका ओळीत, हातवारे करत, एकमेकींच्या तोंडाकडे बघत, कुणाच्या तरी लग्नातल्या मानापानावर तावातावानं बोलत. मागे टॅक्सी खोळंबली, टॅक्सीवाल्यानं हॉर्न दिला, त्यांतल्या एकीनं मान न वळवता त्याला काहीतरी ऐकवलं. सुहासिनी पायरीवर एक पाय ठेवून बघत राहिली. कंडक्टर म्हणाला, "चला बाई, सावकाश, दांडा धरा." हा कंडक्टर तिला ओळखतो. तिचा दुसरा पाय वर येईपर्यंत घंटी मारत नाही.

खिडकीशी बसल्यावर रस्ता मागे जाऊ लागला आणि तिला नेहमीसारखी ती पाठ दिसायला लागली. मार्तंडरावांची पाठ. लग्नानंतर पहिल्यांदा या स्टेशनवर उतरून घराकडे निघाले तेव्हा ते पुढे, ती मागे. सासूबाई म्हणाल्या होत्या, पुरुषानं पुढे चालावं, वाट मोकळी होते. झाली असेल. पण ती यांच्यापुरती होते आणि मागचं माणूस पोहोचेपर्यंत पुन्हा मिटते. ते भराभर चालायचे. मध्येच एखाद्या कोपऱ्यावर हात मागे बांधून थांबायचे, वळून बघायचे नाहीत, नुसतेच थांबायचे. आणि ती धापा टाकत जवळ पोहोचली, तिच्या चपलांचा आवाज त्यांच्या कानावर पडला, की लगेच पुढे चालू लागायचे. म्हणजे विसावा त्यांना. मला काय? मी पोहोचले की विसावा संपला! आणि लोक म्हणणार, बघा, बायकोसाठी थांबतात हो. तीस वर्षं मी या माणसाचा चेहरा घरात बघितला आणि रस्त्यात पाठ बघितली, आणि खरं सांगायचं तर पाठीचीच ओळख जास्त. उजवा खांदा किंचित उतरलेला. बुशशर्टाच्या मध्यावर उन्हाळ्यात उमटणारी घामाची रेघ. मानेवर, केस संपतात तिथे, एक तीळ. तो तीळ त्यांना स्वतःला तरी माहीत असेल का?

आईच्या जिन्यातच वास आला. जळका, करपट, नाकाला झोंबणारा. ती गुडघ्याला न जुमानता पायऱ्या चढली, तिनं किल्लीनं दार उघडलं. आई पलंगावर पाय सोडून, हात मांडीत घेऊन, छान शांत बसली होती. स्वयंपाकघरात गॅस चालू होता, दुधाचं पातेलं आतून-बाहेरून कोळसा झालेलं, आणि शेगडीशेजारी खुंटीला अडकवलेल्या फडक्याचं टोक… काळं. जळून आपोआप विझलेलं. आपोआप विझलं म्हणून. तिनं बटण फिरवलं, खिडक्या उघडल्या आणि ओट्याला धरून उभी राहिली.

"आई, दूध ठेवलं होतंस?"

"मी? नाही बाई. आज दूधवाला आलाच नाही." मग जरा वेळानं, "जावईबापू बरे आहेत ना?"

"बरे आहेत."

"चांगला माणूस. तू कशी आलीस?"

"बसनं."

"दारातच थांबते ना बस?"

"दारातच थांबते."

"मग काही काळजी नाही," आई म्हणाली.

तिनं आईला भरवलं. आमटीभाताचा घास, मध्ये एक घोट पाणी. माझ्याकडे चल, हे ती आईला अनेकदा म्हणाली होती. आईचं उत्तर ठरलेलं. लेकीच्या घरी जाऊन राहणाऱ्या बाईला काय म्हणतात ते तुला ठाऊक नाही का? मुलगा असताना? लेकीला मूल होईपर्यंत जिनं लेकीच्या घरचं पाणी प्यायलं नाही, त्या बाईला आता तिथे कायमचं राहायला जायचं तर एकच वाट होती, आणि तीही आईनंच एकदा, चुकून बोलल्यासारखी, सांगून टाकली होती: जावयानं स्वतः येऊन म्हटलं तर गोष्ट वेगळी. बस. जावयानं म्हटलं पाहिजे. सगळं विसरली होती आई, दूध विसरली, गॅस विसरली, गेल्या महिन्यात मला वसुधा म्हणाली, तिच्या मेलेल्या बहिणीच्या नावानं… पण हे विसरली नव्हती. रीत तेवढी लख्ख!

आणि म्हणूनच त्या श्रावणात…

परतीच्या बसमध्ये, पिशवीत ते कोळसा झालेलं पातेलं — ते तिथे ठेवायची तिची हिंमत झाली नव्हती — तिनं डोळे मिटून घेतले, आणि आज इतक्या दिवसांनी ती दुपार सबंध तिच्यासमोर उभी राहिली. सोमवार होता. दोघं बँकेतून परत येत होते. आदल्याच दिवशी आई जिन्यात उभी सापडली होती, आपलं घर कोणतं ते न समजून. रात्रभर एक वाक्य सुहासिनीच्या पोटात फिरत होतं. घरात बोलायची सोय नव्हती. घरात ती जे काही बोलायची ते मार्तंडरावांच्या "बघू"मध्ये जाऊन पडायचं आणि विहिरीत पडल्यासारखं तळाला जायचं. रस्त्यात बोलावं. चालता चालता. एकमेकांकडे न बघता माणूस बरंच काही बोलू शकतो, ऐकूही शकतो. पण ते पुढे होते. पुढे, नेहमीसारखे, आणि फुटपाथवर त्यांच्या शेजारी जागा… होती थोडी, दुपारची वेळ, गर्दी नव्हती. पण दोघांपुरती नव्हती. आणि पाठीशी कसं बोलायचं? हाक मारावी तर भर रस्त्यात "अहो, अहो" करत. तेव्हा ती फुटपाथवरून खाली उतरली. चार भराभर पावलं टाकून यांच्या बरोबरीला आले, की म्हणेन. वाक्य ओठावर आलेलं होतं. तिला आठवत होतं, ती हसली होती, धीर यावा म्हणून. समोरच्या उन्हाकडे बघून, एकटीच. अहो, आईला आपल्याकडे… आणि मग हॉर्न, खांद्याला काहीतरी घट्ट लागलं, दगड, आणि बोंबलांच्या पाण्याचा वास असलेले दोन हात. मार्तंडराव कधी वळले ते तिला दिसलं नाही. ते वळेपर्यंत तिच्याभोवती गर्दी झाली होती.

ते वाक्य तिथेच पडलं. नंतर चहा, गरम पाण्याची पिशवी, मंडळाच्या बैठका, दिवाणखान्यात चपला, चहाचे ट्रे… एवढं करणाऱ्या माणसाला आणखी काय मागायचं? आणि आता तो त्या अपघाताच्या नावानं बस काढणार! म्हणजे मी आईला घरी आणा म्हणायला खाली उतरले आणि त्यातून निघालं काय, तर माझं आईकडे जाणंच बंद. देवा रे, याला काय म्हणायचं? कुणावर ओरडायचं? दात आवळून आवळून तिची कानशिलं दुखायला लागली होती.

चार वाजता ती खाली गेली तेव्हा गडद निळी नेसायची तिनं मुद्दामच टाळली होती. मार्तंडरावांच्या ते लक्षात आलं, त्यांच्या कपाळाला एक आठी पडली, पण साहेब आलेले होते. साहेब म्हणजे तरुण इंजिनिअर निघाला, काखेत गुंडाळलेला नकाशा, चेहऱ्यावर दिवसभर उन्हात हिंडल्याचा रापलेपणा. कापडाच्या दुकानाचे शेट होते, मंडळाचे दोघे-तिघे होते. सोनूबाई पाटीवर हात टाकून सगळ्यांकडे एकाच नजरेनं बघत होती.

"साहेब, या आमच्या मिसेस. यांनाच बसनं—"

"हो, कळलं." इंजिनिअरनं तिला नमस्कार केला. "पण हे बघा, बस सबंध काढा म्हणणं सोपं आहे. बसमधून जाणारी माणसंसुद्धा उतरली की पायीच चालतात. म्हातारी असतात, आजारी असतात. त्यांना नाल्यापलीकडे नेऊन सोडायचं का? मी म्हणतो, बस एकाच दिशेनं ठेवू. तेवढी जागा सुटेल, ती फुटपाथला देऊ. दोन माणसांना शेजारी-शेजारी नीट चालता आलं पाहिजे, एवढं धरून किती लागतं ते बघतो."

"दोन कशाला, आम्हाला सगळाच रस्ता—" मार्तंडराव म्हणाले, पण शेटनं मान डोलावली होती आणि इंजिनिअर वाकून डांबरावर खडूनं रेघ ओढू लागला होता, फुटपाथच्या कडेपासून थोडी आत रस्त्यात. सुहासिनीनं पहिल्यांदाच त्या पोराकडे नीट पाहिलं. म्हातारी असतात, आजारी असतात. हे या माणसाला कुणी सांगितलं? आणि माझ्या घरातल्या माणसाला का नाही?

"आता कुणीतरी दोघं चालून दाखवा," इंजिनिअर म्हणाला. "साधं, रोजच्यासारखं."

"आम्हीच चालतो की!" मार्तंडराव उत्साहानं पुढे झाले. "चल गं."

ती निघाली. फुटपाथ आणि खडूची रेघ यांच्यामधून, बाजारातल्या सगळ्यांच्या देखत. दोन पावलं शेजारी पडली, तिसरं तिचं आपोआप आखडलं. ते पुढे. ती मागे. तिच्या ते लक्षातही आलं नाही. डोळ्यांसमोर ती पाठ आली, उतरलेला खांदा, तीळ, आणि तिचं अंग त्या पाठीमागे बरोबर जाऊन बसलं.

"नाही, नाही, शेजारी," इंजिनिअर हसून म्हणाला. "पुन्हा एकदा."

पुन्हा. या वेळी तिनं मनाशी ठरवून पावलं टाकली, आणि तरी शेटच्या दुकानाच्या पायरीपाशी ती मागेच होती. शेट खो खो हसले. "साहेब, आपल्या लेडीज लोकांना दोन माणसांचा फुटपाथ लागतच नाय. एकच पुरे!" मंडळाचे लोकही हसले. आणि मार्तंडराव वळले, चारचौघांत ओशाळलेले, म्हणून चिडलेले, आणि म्हणाले,

"अगं, चाल ना माझ्याबरोबर! एवढंही येत नाही तुला?"

सुहासिनीचे कान तापले. एवढंही येत नाही. एवढंही येत नाही मला! तीस वर्षं तुम्ही ज्या चालीनं मला चालवलंत त्या चालीनं मी चालले, आणि आज साहेबाला दाखवायला म्हणून… तिच्या हातात काही असतं तर तिनं ते फेकलं असतं. हातात काही नव्हतं.

वातावरण सावरायला म्हणून इंजिनिअरनं विचारलं, "तो अपघात इथेच झाला ना? बाई, तुम्ही फुटपाथवरून खाली का उतरला होता?"

इतक्या महिन्यांत, इतक्या बैठकांत, हे तिला कुणीच विचारलं नव्हतं. तिनं तोंड उघडलं, तोवर मार्तंडराव म्हणाले, "गर्दी हो, दुसरं काय! चालायला जागाच नव्हती."

"गर्दी नव्हती," सुहासिनी म्हणाली.

"अगं, गर्दी—"

"तुम्हाला काय माहीत? तुम्ही पुढे होतात."

शेटचं हसू थांबलं. सोनूबाईनं पाटीवरचा हात काढून मांडीवर ठेवला.

"मला यांच्याशी बोलायचं होतं," ती इंजिनिअरला म्हणाली; पण बघत होती मार्तंडरावांकडे, आणि आपला आवाज इतका सरळ कसा निघतोय याचंच तिला नवल वाटत होतं. "मागून बोलता येत नाही. म्हणून शेजारी यायला उतरले. तेवढ्यात बस आली."

"काय बोलायचं होतं एवढं?" मार्तंडराव हसण्याचा प्रयत्न करत म्हणाले. "घरी नसतं का बोलता आलं?"

"आईला आपल्याकडे आणायची होती. अजून आणायची आहे. आज तिनं गॅस चालू ठेवून दूध जाळलं, फडकं पेटलं होतं. मी म्हटलं तर ती येणार नाही. तुम्ही जाऊन म्हणायला पाहिजे. येता का म्हणायला?"

मागून बसचा हॉर्न आला. खडूच्या रेघेच्या आत ती दोघं उभी होती आणि पलीकडून हातगाडी आलेली, त्यामुळे बसला जायला जागा नव्हती. मंडळातलं कुणीतरी म्हणालं, वहिनी, जरा बाजूला. इंजिनिअरनं ड्रायव्हरला थांबायची खूण केली.

"सुहासिनी," मार्तंडराव खालच्या आवाजात म्हणाले. बाहेर, लोकांत, त्यांनी तिचं नाव कधी घेतलं नव्हतं. "घरी बोलू."

"घरी तुम्ही पेपर वाचता."

ते शेट, ते साहेब, ती सगळी माणसं… आता आपली नाचक्की झाली, यांचीही झाली, उद्या दूध आणायला खाली उतरताना सगळे बघणार. बघू देत. बसनं पुन्हा हॉर्न दिला, या खेपेला लांब आणि रागावलेला. सात बंगल्याचीच बस होती. खिडक्यांतून माणसं डोकावत होती, त्यांत एखादी बाई डबा घेऊन कुणाकडे तरी निघाली असेल, तिला उशीर होत होता आणि तो मीच करत होते, हे तिला कळत होतं. तरी पाय हलत नव्हते. बोलून टाकलं की हलकं वाटेल, असं तिला इतके महिने वाटत आलं होतं. तसं मुळीच झालं नाही. राग जिथल्या तिथे होता. उलट सकाळपासून तो टेपवर, शेटवर, बडोद्याच्या भावावर, आईच्या रितीवर असा भिरभिरत होता, तो आता समोर येऊन उभा राहिला होता आणि त्याला चष्मा होता आणि कपाळावर घाम होता. हा चेहरा तिनं रस्त्यात, दिवसाउजेडी, इतक्या जवळून कधी पाहिलाच नव्हता. म्हातारा दिसत होता. तिला त्याची दया येऊ लागली, तिनं ती येऊ दिली नाही.

ते बहुधा शब्द शोधत होते. हो म्हणतील, नाही म्हणतील, बहुधा बघूच म्हणतील… आणि बघू म्हणाले तर मी पुन्हा विचारीन, असं तिच्या मनात आलं, आणि ते खरंच आहे हे जाणवून ती स्वतःच जराशी दचकली. ड्रायव्हरनं इंजिन बंद केलं. बाजाराचा आवाज एकदम मोठा झाला. सुहासिनी तशीच उभी राहिली, दुखऱ्या गुडघ्यावरचा भार दुसऱ्या पायावर घेऊन, मार्तंडरावांच्या तोंडाकडे बघत. तिला कसलीच घाई नव्हती.